इंग्रजी येतं हो, पण कागद कोणता?

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणारे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "२०११ साली पुणे विद्यापीठातून बी.ई. झालो. सातपूरला नोकरी करतो. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली, गेल्या आठवड्यात त्यांचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, म्हणजे सीओएस, आलं. चौदा महिन्यांपूर्वी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, ॲकॅडेमिक प्रकारातली, दिली होती, एकूण ७ बँड, रायटिंगला ६. आता कन्सल्टन्सीवाले म्हणतात, परत परीक्षा द्या. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, कंपनीचे तिन्ही इंटरव्ह्यू इंग्रजीत, मग हे कशासाठी? कॉलेजचं मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं पत्र चालणार नाही का? आणि बायकोलाही परीक्षा द्यावी लागेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो दोन ओळींत संपतो. स्किल्ड वर्कर, म्हणजे तुम्हाला लागणाऱ्या नोकरीच्या, व्हिसावर येणाऱ्याच्या जोडीदाराला डिपेंडंट म्हणून अर्ज करताना इंग्रजी सिद्ध करावं लागत नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं काढलेल्या श्वेतपत्रिकेत जोडीदारांसाठीही प्राथमिक पातळीची अट आणायचं सूतोवाच आहे, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाका. आज मात्र वहिनींना निवांत राहू द्या.

आता तुमचं. कन्सल्टन्सीवाले बरोबर सांगतायत. फक्त कारण सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला ते लुबाडतायत असं वाटतंय. मी इंग्लंडमध्ये नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते आणि दर आठवड्याला असा एक तरी माणूस मला भेटतो. उत्तम इंग्रजी बोलतो, हातात चांगल्या गुणांचा कागद असतो, आणि तो कागद व्हिसासाठी शून्य किमतीचा असतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं तरी कुणीतरी हळूच विचारतंच, "ताई, भाच्याचे साडेसात बँड आहेत, चालतील ना?" मी म्हणते, बँड सोड, कोणती आयईएलटीएस ते सांग.

गोम तिथेच आहे. व्हिसा अधिकारी तुमचं इंग्रजी तपासत नाही. त्याला ते तपासायचा अधिकारच नियमांनी जवळजवळ ठेवलेला नाही. तो बघतो एवढंच, की नियमात लिहिलेल्या ठरावीक कागदांपैकी एक तुमच्याकडे आहे का. कंपनीनं तुमचे तीन इंटरव्ह्यू इंग्रजीत घेतले, तुम्ही तिथल्या साहेबाला हसवलंत, सगळं खरं. पण त्याचा कागद नियमात नाही, म्हणून तो पुरावा नाही. कंपनीच्या एचआरनं "यांचं इंग्रजी उत्कृष्ट आहे" असं पत्र दिलं तरी त्याचा उपयोग नाही.

तुमच्या आयईएलटीएसचं काय चुकलं? मुदत संपलेली नाही. निकाल दोन वर्षांच्या आतला हवा आणि तुमचा चौदा महिन्यांचाच आहे. गुणही कमी नाहीत. चुकलं ते बुकिंग. कामाच्या व्हिसासाठी लागते ती सिक्युअर इंग्लिश लँग्वेज टेस्ट, म्हणजे सगळे जिला सेल्ट म्हणतात ती. तिच्यासाठी 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग) अशी वेगळी निवड बुकिंग करतानाच करावी लागते. प्रश्नपत्रिकेचा प्रकार तोच, गुण देण्याची पद्धत तीच, पण केंद्र ब्रिटिश गृहखात्यानं मंजूर केलेलं असतं, ओळख पटवण्याची पद्धत कडक असते आणि निकालावर यूकेव्हीआयचा वेगळा क्रमांक येतो. तोच क्रमांक तुम्ही अर्जात भरता आणि अधिकारी त्यावरून थेट निकाल ताडून बघतो. तुमच्या निकालपत्रावर तो क्रमांक नाही. साध्या परीक्षेचं नंतर यूकेव्हीआयमध्ये रूपांतर होत नाही, ज्यादा पैसे भरूनही नाही.

"पण माझा मित्र साध्या आयईएलटीएसवरच लंडनला गेला" असं तुम्ही आता म्हणणार. गेला असेल, पण शिकायला गेला असेल. पदवी किंवा मास्टर्ससाठी जाणाऱ्याचं इंग्रजी विद्यापीठानंच पारखायचं अशी मुभा बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांना आहे, म्हणून तिथे साधी परीक्षा चालून जाते. नोकरी देणाऱ्या कंपनीला अशी मुभा नाही. नाशिक-पुण्यातले कोचिंग क्लास मुख्यतः विद्यार्थ्यांवर चालतात, त्यामुळे त्यांच्या सवयीचं बुकिंग साधंच असतं. तुम्ही बहुधा त्याच ओघात गेलात.

एवढा सोवळेपणा का, तेही सांगते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमानं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवलं, की लंडनमधल्या काही केंद्रांवर टोइक या परीक्षेत पैसे घेऊन दुसराच माणूस बसवला जातो आणि बहुपर्यायी उत्तरं तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली जातात. मग परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेनं सगळी जुनी ध्वनिमुद्रणं तपासली. २०११ ते २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या ५८,४५८ परीक्षांपैकी ९७ टक्के एक तर बाद किंवा संशयास्पद ठरवल्या गेल्या. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या २०१९ च्या अहवालात हे आकडे आहेत. त्यात खरोखर फसवणारे होते तसे नाहक भरडलेलेही होते. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींनी वर्षानुवर्षं कोर्टात जाऊन आपलं नाव धुऊन काढलं. त्या प्रकरणानंतर गृहखात्यानं परीक्षा, संस्था आणि केंद्रं अशा सगळ्यांचीच यादी घट्ट करून टाकली. ईटीएस तेव्हाच बाहेर पडली, म्हणून आज तिची टोफेल ही परीक्षा अमेरिकेत कितीही मानाची असली तरी ब्रिटनच्या कामाच्या व्हिसाला चालत नाही. ड्युओलिंगोची ऑनलाइन परीक्षाही नाही.

आता पातळी. स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर २०२० ला सुरू झाला तेव्हा बी१ पुरत होती. ८ जानेवारी २०२६ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला बी२ लागते. बी२ म्हणजे युरोपीय मोजपट्टीच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी. ब्रिटिश सरकार तिची तुलना त्यांच्या ए-लेव्हलशी करतं. आधीपासून बी१ वर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळालेल्यांना मुदतवाढीला बी१ च पुरते, त्यामुळे कोव्हेंट्रीतले तुमचे भावी मराठी सहकारी "अहो, चार-चार बँड बस होतात" असं सांगतील. त्यांच्यासाठी ते खरं होतं. आयईएलटीएसमध्ये बी१ म्हणजे ४ आणि बी२ म्हणजे ५.५, आणि हे वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही भागांत वेगवेगळं. एकूण सरासरीला इथे काही अर्थ नाही. एकूण ७ पण लेखनात ५ असेल तर नापासच. पिअरसनच्या पीटीई ॲकॅडेमिक यूकेव्हीआयमध्ये बी२ साठी चारही भागांत ५९ लागतात.

भारतात राहून सेल्ट देता येते ती चार संस्थांची: आयईएलटीएस, पिअरसन, लँग्वेजसर्ट आणि पीएसआय. शेवटच्या दोघांची परीक्षा सहसा पातळीनुसार असते, म्हणजे बी१ ची वेगळी, बी२ ची वेगळी, आणि बुकिंग करताना चुकून बी१ निवडलीत तर कितीही चांगले गुण मिळाले तरी उपयोग नाही. ट्रिनिटीची परीक्षा ब्रिटनमध्ये असलेल्यांसाठी. आयईएलटीएस लाइफ स्किल्स नावाची एक स्वस्त, छोटी परीक्षा यादीत दिसेल. तिच्याकडे बघूही नका, ती जोडीदाराच्या आणि कायम वास्तव्याच्या अर्जांसाठी असते, तिच्यात वाचन-लेखन नसतंच. मागे एका साताऱ्याच्या मुलानं "सोपी आहे म्हणून" ती दिली होती. पास झाला, पेढे वाटले, आणि मग माझ्याकडे आला.

बुकिंगच्या वेळी केंद्राचं नावही मंजूर यादीत शोधा. एकाच शहरात एकाच संस्थेची दोन केंद्रं असू शकतात आणि यूकेव्हीआयची परीक्षा त्यांतल्या एकातच होते.

मग पदवीचं काय? तुमचा मुद्दा अगदी चुकीचा नाही. इंग्रजीतून मिळवलेली पदवी हा नियमात बसणारा पुरावा आहे. पण भारत हा ब्रिटनच्या 'बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या देशां'च्या यादीत नाही. त्या यादीत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद, माल्टा अशी नावं आहेत. आपल्याकडचे लोक यावर चिडतात, "माल्टा आहे आणि आम्ही नाही?" म्हणतात. चिडून उपयोग नाही. भारतीय पदवीला एक मधला टप्पा लागतो तो एक्टिस या संस्थेचा. २०२१ पर्यंत हिचं नाव यूके नॅरिक होतं, जुन्या पानांवर तेच दिसेल. एक्टिसनं दोन गोष्टी लेखी सांगाव्या लागतात. एक, तुमची पदवी ब्रिटिश बॅचलर्स किंवा त्याहून वरच्या पातळीची आहे. दोन, ती इंग्रजीतून शिकवली गेली.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: कॉलेजचं मीडियमचं पत्र व्हिसा अधिकाऱ्याला थेट जोडून चालत नाही. ते एक्टिसला द्यायचं असतं, पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकांसोबत. एक्टिस मग स्वतःचं विधान देतं आणि त्याचा क्रमांक अर्जात जातो. एक्टिसच्या संकेतस्थळावर नोकरी, शिक्षण वगैरेंसाठीच्याही सेवा आहेत. तुम्हाला हवी ती 'व्हिसा अँड नॅशनॅलिटी' नावाची. नुसत्या समकक्षतेचं प्रमाणपत्र घेऊन आलेले तिघे-चौघे मी पाहिलेत. त्यात भाषेबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले.

पदवीच्या वाटेचं एक सुख आहे. तिथे बी१-बी२ चा प्रश्नच येत नाही आणि दोन वर्षांची मुदतही नाही. ज्यांचं बोलणं झक्क पण लेखन कच्चं आहे, किंवा ज्यांना पन्नाशीत परीक्षा म्हटलं की घाम फुटतो, त्यांना मी हीच वाट सुचवते. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावर मात्र ही वाट बंद आहे, कारण डिप्लोमा ही पदवी नव्हे, मग तो कितीही इंग्रजीतून असो.

अडतं ते आपल्या बाजूला. विद्यापीठातून पत्र काढणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. एका विद्यापीठात माझ्या अशिलाला खिडकी क्रमांक चारवरून सातवर, सातवरून "मॅडम जेवायला गेल्यात"वर, आणि तिथून "कॉलेजचं पत्र आणा, मग बघू"वर पाठवलं होतं. त्यात तीन आठवडे गेले. मी नेहमी कॉलेज आणि विद्यापीठ दोघांचीही पत्रं काढायला सांगते. लेटरहेड, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि संपर्काचा अधिकृत ईमेल त्यावर हवाच, कारण खातरजमा करायला विचारणा गेली आणि ती उत्तर न देणाऱ्या पत्त्यावर गेली, तर प्रकरण तिथेच लोंबकळतं. मजकुरात "अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा, दोन्ही पूर्णपणे इंग्रजीतून" असं स्वच्छ असू द्या. "मुख्यतः" हा एक शब्द घात करतो. बी.ए. किंवा बी.कॉम.वाल्यांनी तर इथे जास्तच सांभाळावं, कारण आपल्या बऱ्याच विद्यापीठांत तेच विषय मराठीतून लिहायची मुभा असते आणि गुणपत्रिकेवर माध्यम दिसेलच असं नाही.

विद्यापीठांची नावं हाही एक छोटा घोळ. तुमच्या डिग्रीवर पुणे विद्यापीठ आहे, पण २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. आजचं पत्र नव्या नावाच्या लेटरहेडवर येणार. त्यात "पूर्वीचं पुणे विद्यापीठ" अशी एक ओळ घालून घ्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा. इंग्लंडमधल्या कारकुनाला हा इतिहास ठाऊक असायचं काही कारण नाही.

आता तुम्ही काय करावं? तुमच्या बाबतीत मी परीक्षाच देईन. कारण कॅलेंडर. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज दाखल करावाच लागतो. सीओएस हा कागद नसून कंपनीनं ऑनलाइन काढलेला एक क्रमांक असतो, आणि त्याचं घड्याळ गेल्या आठवड्यात सुरू झालंय. शिवाय सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतातल्या अर्जदाराला टीबीची तपासणी लागते, तीही मंजूर दवाखान्यातच. परीक्षेची तारीख मोठ्या शहरात सहसा लवकर मिळते, निकाल काही दिवसांत येतो, पीटीईचा तर बऱ्याचदा दोन दिवसांत. विद्यापीठाच्या खिडकीला अशी तारीख नसते. आणि तुमची पातळी आहेच: रायटिंगला ६ घेतलेला माणूस ५.५ च्या वरच आहे, फक्त त्याला तेच पुन्हा योग्य शिक्क्यासकट करून दाखवायचंय. परीक्षेची तारीख घ्या आणि त्याच दिवशी कॉलेजला पत्राचा अर्जही टाका. परीक्षेत काही बिघडलं तर दुसरा दरवाजा किलकिला असावा.

ॲकॅडेमिक घ्यावी की जनरल ट्रेनिंग? दोन्ही चालतात. लोक सोपी म्हणून जनरल घेतात, पण वाचनात तिची गंमत आहे. उतारे सोपे असतात म्हणून गुणांची पट्टी वर सरकवलेली असते. आयईएलटीएसनंच दिलेल्या सरासरी तक्त्यात ॲकॅडेमिक वाचनात ४० पैकी २३ बरोबर आले की ६ बँड मिळतो, जनरलमध्ये त्यासाठी ३० लागतात. लेखनात मात्र जनरलवाल्याला आलेखाऐवजी पत्र लिहायचं असतं, ते बहुतेकांना जवळचं वाटतं. तुम्ही इंजिनिअर, आलेख-तक्ते रोजचे, आणि ॲकॅडेमिक एकदा दिलेली. तीच द्या.

तयारीबद्दल थोडं, कारण ५.५ म्हटलं की आपले लोक बेफिकीर होतात आणि लेखनात ५ घेऊन येतात. तासाभरात दोन लेख लिहायचे असतात, पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा २५० चा, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तरी माणूस आलेखातल्या प्रत्येक रेघेचं वर्णन करत पस्तीस मिनिटं पहिल्यातच घालवतो. साइटवर रिपोर्ट लिहायची सवय नडते ती इथे. वीस मिनिटं झाली की पेन उचला, किंवा आता कीबोर्ड म्हणा, आणि पुढे जा. क्लासमध्ये पाठ करून घेतलेले तयार परिच्छेद परीक्षकाला लगेच कळतात आणि त्यांचे गुण कापले जातात.

मराठी माणसाच्या इंग्रजीत दोन जागा ठरलेल्या. एक, 'ए' आणि 'द'. आपल्या भाषेत ही उपपदं नाहीतच, त्यामुळे ती एक तर गाळली जातात नाही तर भीतीनं सगळीकडे टोचली जातात. दुसरी जागा म्हणजे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'द ग्राफ इज शोइंग'. आपण 'दाखवत आहे' म्हणतो म्हणून ते सरळ उतरतं. महिनाभर रोज एक पान लिहून एवढ्या दोनच चुका कुणाकडून तरी तपासून घेतल्या तरी अर्धा बँड हातात येतो, असा माझा अनुभव.

उच्चाराची काळजी सोडा. तुमची मराठी धाटणी चालते, परीक्षक बीबीसीचा निवेदक शोधत नसतो. उलट आपण व्हिसा आणि वाइन वेगळे लिहितो, त्यामुळे ते दोन उच्चार निदान कागदावर तरी आपल्याला ठाऊक असतात. अडचण येते ती आघातात. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं येतात, इंग्रजीत एका शब्दात एकच अक्षर ठासून म्हणतात आणि ते सरकतंही: फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर. आणि बोलताना घाई. संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचं असतं. आपल्याकडे भराभरा बोलणं म्हणजे चांगलं इंग्रजी असा समज आहे, तो इथे नडतो.

नर्स, डॉक्टर, दंतवैद्य, सुईणी आणि पशुवैद्य यांची वाट निराळी. त्यांच्या व्यावसायिक परिषदेनं भाषेची परीक्षा मान्य केली असेल तर व्हिसासाठी वेगळा पुरावा लागत नाही. ती पट्टी मुळातच उंच असते. नर्सिंगच्या परिषदेला आयईएलटीएसच्या तीन भागांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात, किंवा ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा. पण फिजिओथेरपिस्ट त्या यादीत नाही, हे फिजिओथेरपिस्टना कुणी सांगत नाही. कुटुंबात कुणी असेल तर सांगून ठेवा.

आणि ज्यांनी ब्रिटनमध्येच पदवी किंवा मास्टर्स केलंय त्यांना एक्टिस नको, परीक्षाही नको. त्यांची ती पदवीच पुरावा.

एक सावधगिरी. "विद्यापीठाचं पत्र दोन दिवसांत करून देतो" म्हणणारे एजंट कॉलेजरोडवर भेटतात. खोटा कागद सापडला तर नुसता नकार येत नाही, फसवणुकीचा शेरा लागतो आणि दहा वर्षांपर्यंत दार बंद होतं. तुमच्याकडे खरं इंग्रजी असताना खोट्या पत्रावर ते घालवणं म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवण्यासारखं. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायला सरकारी नोंदणी लागते. त्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी आहे. पण तो कायदा नाशिकला लागू होत नाही. तिथे पाटी कुणीही लावू शकतं.

शेवटी नाव. मला विचाराल तर इंग्रजीपेक्षा नावांवर जास्त अर्ज अडखळतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, वर आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, बाकीचं सगळं 'गिव्हन नेम'मध्ये, आणि कधी वडिलांचं नाव त्यात आहे, कधी नाही. परीक्षेचं बुकिंग पासपोर्टवर आहे तसंच करा, एकेक अक्षर बघून, आणि तोच पासपोर्ट केंद्रावर न्या. तिथे आधार कार्ड चालत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा काढा, मग परीक्षा बुक करा. जुन्यावर दिली असेल तर दोन्ही पासपोर्ट जपून ठेवा आणि अर्जात जुन्याचा क्रमांक नोंदवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची पदवी माहेरच्या नावाची असते. त्यांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद एक्टिसला पहिल्याच दिवशी द्यावी, मागितल्यावर नव्हे.

तुमच्या कॉलेजचं पत्र आलंच, तर पाकीट उघडल्या उघडल्या नावाचं स्पेलिंग, आसन क्रमांक आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष गुणपत्रिकेशी ताडून बघा, तिथेच खिडकीपाशी उभं राहून. २०११ चं २०१२ झालेलं मी आजवर तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळा माणूस घरी पोहोचून, जेवून, झोपून उठल्यावर ते त्याच्या लक्षात आलं होतं.